नक्कल करू नये, हुकुमावरून

महाराष्ट्रातली पहिली तोंडी परीक्षा आमच्या गावात झाली. तेरला. हे मी पुण्याच्या माणसासमोर मुद्दाम सांगतो, कारण शिक्षणातली एखादी पहिली गोष्ट पुण्याबाहेर झाली, हे ऐकायची त्याला सवय नसते.

ती परीक्षा तुम्हालाही ठाऊक आहे. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमलेली. मुक्ताबाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेलं. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मडकं कच्चं की पक्कं हे याने कळतं, असं काकांनी सांगितलं. मग आमचीही मडकी बघा की, असं मुक्ताबाई म्हणाल्या आणि काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला : हे मडकं कच्चं.

लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकताना मला नामदेवांचीच बाजू पटायची. म्हणजे आता बघा, परीक्षेची पूर्वसूचना नाही. अभ्यासक्रम जाहीर नाही. बाहेरची परीक्षक वयानं मंडळींत लहान. आणि नापास कोण, तर ज्याच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष विठ्ठल जेवला तो! नामदेवांनी पंढरपूरला जाऊन रीतसर फेरतपासणी मागितली. पांडुरंगानं निकाल कायम ठेवला आणि विसोबा खेचरांकडे जादा तासाला बसायला सांगितलं. खात्याच्या प्रमुखाशी इतकी ओळख असून उपयोग झाला नाही म्हणजे कमालच.

पुढे मी स्वतः परीक्षक झालो आणि माझी सहानुभूती हळूहळू थापटण्याकडे सरकली. ती कुठवर सरकली आणि कुठे अडली, ते सांगतो.

मी गणिताचा प्राध्यापक. तेरहून एसटीनं जिल्ह्याच्या गावी जायचो आणि तिथल्या एका महाविद्यालयात शिकवायचो. १९९६ साली तिथे पाच संगणक आले. ते शिकवणार कोण, म्हणून प्राचार्यांनी स्टाफरूमभर नजर फिरवली. मराठीचे सर खिडकीबाहेर पाहू लागले, रसायनशास्त्राचे सर एकाएकी उठून गेले. मी चष्मा पुसत होतो. चष्मा पुसणारा माणूस विचार करत असतो असा एक गैरसमज आहे, त्याचा मी बळी. पंधरा दिवस पुण्याला पाठवून मला 'सी' ही भाषा शिकवून आणली. सोळाव्या दिवशी मी तज्ज्ञ.

संगणकाच्या खोलीचा थाट गाभाऱ्यासारखा होता. चपला बाहेर. गावातला दुसरा एसी कुणाच्या घरी आहे यावर स्टाफरूममध्ये मतभेद होते, पहिला आमचाच होता. दसऱ्याला शिपाईमामांनी पाचही मॉनिटरना हळदकुंकू लावलं. त्यातलं थोडं कीबोर्डात गेलं, तेव्हापासून तिसऱ्या नंबरच्या संगणकाचं 'के' बटण रुसलं ते कायमचं.

आता शिकवायचं तर नियम हवेत. गणिताला नियम लागत नाहीत. म्हणजे लागतात, पण ते युक्लिडनं करून ठेवलेत. संगणकाच्या वर्गाचे नियम कुणी केलेले नव्हते. हजेरी किती, उशिरा आलेला प्रोग्राम घ्यायचा की नाही, फ्लॉपी खराब झाली म्हणणाऱ्याचं काय करायचं? (पूर्वी आज्या वारायच्या, त्या वर्षापासून फ्लॉपी खराब होऊ लागल्या.) आणि मुख्य म्हणजे नक्कल. पुण्याच्या एका मित्राकडे अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजच्या याच विषयाच्या नियमांची झेरॉक्स होती. ती मी आणली आणि वरचं नाव बदलून तशीच्या तशी टाईप करून फळ्यावर लावली. इंग्रजीतच ठेवली, कारण नियम इंग्रजीत असले की जरा जास्त लागू होतात. त्यातला सातवा नियम असा होता की, जो विद्यार्थी दुसऱ्याचं काम आपलं म्हणून देईल त्याला शून्य, आणि जो आपलं काम दुसऱ्याला देईल त्यालाही शून्य.

नक्कल करू नये हा नियम मी नक्कल करून आणला होता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. ते प्राचार्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मला बोलावून अकराव्या नियमावर बोट ठेवलं. हिमवर्षावामुळे कॉलेज बंद राहिल्यास गृहपाठ दुसऱ्या दिवशी स्वीकारला जाईल, असं तिथे लिहिलेलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी दुष्काळ पडणारा आमचा जिल्हा! पण प्राचार्य शांत माणूस. त्यांनी पेन काढलं, 'स्नो' खोडलं आणि वर 'हेल' लिहिलं. "गारपीट ठेवा," म्हणाले, "ती आपल्याकडे होते."

दुसऱ्या सहामाहीत फॅक्टोरियलचा प्रोग्राम दिला. फॅक्टोरियल म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार. पाचाचा एकशेवीस. प्रोग्राम बारा-पंधरा ओळींचा. चाळीसेक मुलांचे प्रोग्राम तपासताना मला सतरा आणि एक्केचाळीस या रोल नंबरांचे दोन कागद सापडले. दोन्हींत संगणक 'नंबर द्या' असं विचारी तिथे 'नंबर'चं स्पेलिंग चुकलेलं होतं, आणि अगदी एकाच तऱ्हेनं चुकलेलं. खुनाच्या जागी रुमाल सापडल्यावर फौजदाराला काय आनंद होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

सतरा नंबरची मुलगी हुशार, घरी संगणक असलेली वर्गातली एकटीच. एक्केचाळीस माझ्याच गावचा. वडिलांची शेती कोरडवाहू. घरी संगणक सोडाच, वीजही असेल तेव्हा. पाच संगणक, चाळीस मुलं, त्यात लोडशेडिंग. म्हणजे त्याच्या वाट्याला आठवड्याला पाऊण तास संगणक. त्यातली दहा मिनिटं तो सुरू होण्यात जायची. बसमध्ये कधी तो माझ्या मागच्या बाकावर असायचा आणि वहीत काहीतरी उतरवत बसायचा. मी म्हणायचो, मुलगा मेहनती आहे.

दोघांना बोलावलं.

"हा प्रोग्राम कुणी लिहिला?"

"मी, सर," सतरा म्हणाली.

"आणि हा?"

एक्केचाळीस खाली बघत म्हणाला, "मी तिच्या वहीवरून उतरवला, सर. पण..."

'पण'च्या पुढचं मी ऐकलं नाही. नियमात 'पण' नव्हता. दोघांना शून्य. ती म्हणाली, "सर, मी फक्त वही दिली होती." मी सातव्या नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे बोट दाखवलं. ते करताना मला न्यायाधीश झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

घरी येऊन ही हकिगत अभिमानानं सांगितली. हिनं पोळी लाटता लाटता विचारलं, "मी पुरणपोळी कुणाकडे शिकले?"

"शेजारच्या वहिनींकडे."

"मग मला किती मार्क?"

मी म्हटलं, तसं नव्हे. तू वहिनींच्या पोळ्या आणून आपल्या म्हणून वाढल्यास तर ती नक्कल. बघून शिकलीस ते शिक्षण. ही म्हणाली, "आणि बघून केल्या, आणि त्यांच्यापेक्षा चांगल्या झाल्या तर?"

मला उत्तर सुचेना. तिनंच दिलं. "तर वहिनी बोलायच्या बंद होतात."

प्रश्न तेवढ्यावर मिटला असता, पण मला एक वाईट खोड आहे. एकदा शंका आली की ती सुटीच्या दिवशीही येते. रविवारी मी पाहुण्यांना घेऊन आमच्या गावच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलो. तेरला येणाऱ्या पाहुण्याला गोरोबाकाकांचं देऊळ, त्रिविक्रमाचं देऊळ आणि हे संग्रहालय दाखवायचं अशी रीतच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव तगर म्हणून रोमपर्यंतच्या व्यापाऱ्यांना माहीत होतं. 'पेरिप्लस' नावाच्या जुन्या ग्रीक पुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर त्याची नोंद आहे. (हल्ली दहा दिवस लागत नाहीत, वाटेत बस बंद पडली तरी.) तर इथल्या उत्खननात जे सापडलं त्यात रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल आहे. अडकवायला भोक ठेवून, गळ्यात घालायची पदकं. पाहुण्यांना हे सांगता सांगता मीच थबकलो. आमच्या गावच्या कुणा कारागिरानं रोमच्या बादशहाची टाकसाळ मातीत उतरवली होती आणि त्याला कुणी शून्य दिलं नव्हतं. कारण ती नाणी म्हणून बाजारात न्यायची नव्हती. त्या मातीच्या नाण्याला मिठाचा खडाही मिळाला नसता, आणि ते गळ्यात घालणाऱ्यालाही माहीत होतं.

म्हणजे वस्तू तीच. आपण ती कुठे नेऊन काय म्हणून ठेवतो, त्यावर चोरी ठरायची. इथवर हिचं पुरण आणि माझं नाणं जुळत होतं. एक्केचाळीसनं नाणं बाजारात नेलं होतं, तेव्हा त्याचं चुकलं होतं. पण सतराचं काय? तिनं नाणंही पाडलं नव्हतं, बाजारातही नेलं नव्हतं. तिनं वही दिली होती. आमच्या गावात साखरेची वाटी देणाऱ्याला आजवर कुणी शिक्षा केल्याचं मी ऐकलेलं नाही, घेणारी वाटी परत करत नाही हे पुरतं ठाऊक असतानाही.

आणि खरं सांगायचं तर संगणकाच्या धंद्यात ही उसनवारी पहिल्या ओळीपासून चालते. 'सी'मधल्या प्रोग्रामच्या डोक्यावर बहुधा एक ओळ असते, 'इन्क्लूड एसटीडीआयओ डॉट एच'. अर्धा वर्ग तिला 'स्टुडिओ डॉट एच' म्हणायचा. तिचा अर्थ असा की पडद्यावर अक्षरं कशी उमटवायची हे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय, ते मी घेतो. गणपतीआधी कुणी गणपतीची मूर्ती घडवतो का? विकत आणतो. त्यानंतरचा पहिला प्रोग्राम पडद्यावर 'हॅलो, वर्ल्ड' उमटवण्याचा. तो कर्निहान आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकापासून जगभर पसरला. तेव्हापासून पोरं पहिल्या दिवशी तेच दोन शब्द उतरवून घेतात. पहिल्या तासाला मी स्वतःच फळ्यावर लिहून 'उतरवा' म्हणालो होतो. उतरवणं बंद नेमकं कितव्या तासाला होतं, ते माझ्या नियमावलीत कुठेच नव्हतं. बहुधा अमेरिकेतल्या त्या मूळ सरांनाही ठाऊक नसावं.

तरी मी शून्यं बदलली नाहीत. माणूस एकदा कडक म्हणून प्रसिद्ध झाला की ते टिकवणं भाग पडतं. अंतर्गत गुणांचा तक्ता विद्यापीठाकडे रवाना झाला आणि मी सुटलो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी प्रॅक्टिकलच्या जर्नल्स तपासायला आल्या. एक्केचाळीसच्या वहीत फॅक्टोरियलचा प्रोग्राम तीन वेळा उतरवलेला होता. पहिल्यांदा जसाच्या तसा, चुकीच्या स्पेलिंगसकट. दुसऱ्यांदा प्रत्येक ओळीपुढे मराठीत तिचा अर्थ. तिसऱ्यांदा बाजूला एक तक्ता : एक, दोन, सहा, चोवीस, एकशेवीस, सातशेवीस, पाच हजार चाळीस. आणि आठासमोर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'येथे ४०३२० पाहिजे. -२५२१६ का येते?'

मी ते दोनदा वाचलं. अहो, ते उत्तर अगदी बरोबर चुकीचं होतं. आमच्या त्या टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाला ३२७६७च्या पलीकडे जागाच नव्हती. त्यापुढे गेला की मीटरचा काटा फिरून मागे यावा तसा तो उणे बाजूला यायचा. चाळीस मुलांच्या प्रोग्रामात ही खोट होती. सतराच्या होती, फळ्यावरच्या माझ्याही होती. आम्ही सगळे पाचाचा एकशेवीस आला की समाधानानं संगणक बंद करून चपला घालत होतो. आठ घालून बघितला तो एकानं, ज्याच्या वाट्याला आठवड्याला पाऊण तास होता आणि ज्यानं प्रोग्राम उतरवला होता. 'पण'च्या पुढचं ते वाक्य पेन्सिलीत असं माझ्यासमोर होतं.

त्या संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मी घरी न जाता कुंभारवाड्याकडे वळलो. ओळखीचे एक म्हातारे मामा रांजण थापटत बसले होते. मी विचारलं, "मामा, थापटण्यानं मडकं कच्चं-पक्कं कसं ओळखता?"

मामा हसले. "थापटणं घडवायला असतंय, सर. चाकावरनं उतरल्यालं ओलं मडकं थापटून मोठं करायचं. भाजल्यालं वाजवून बघायला काय, बोट बी पुरतंय."

"मग गोरोबाकाकांची गोष्ट?"

"त्ये काका होते," मामा म्हणाले, आणि पुन्हा थापटू लागले. तेव्हा मला पहिल्यांदाच दिसलं की उजव्या हातानं बाहेरून थापटणं पडत होतं आणि डावा हात रांजणाच्या आत होता. हातात दगडाचा गोटा. बाहेर जिथे मार पडे, नेमका तिथेच आतून गोटा. "आतला हात काढला तर?" मी विचारलं. "तर फाटंल की," मामा म्हणाले. सर लोकांना एवढंही ठाऊक नसतं याचं त्यांना नवल वाटलं असावं.

पुढच्या वर्षी मी नियमावली मराठीत आणि स्वतः लिहिली. गारपीट ठेवली. सातवा नियम असा केला की, कुणाकडूनही शिका, कुणालाही शिकवा, नाव लिहा, आणि मी विचारीन तेव्हा कुठलीही ओळ समजावून सांगा. ऐकायला फार सोपं वाटतं. पण चाळीस मुलांना एकेक करून विचारायचं म्हणजे चाळीस वेळा पंधरा मिनिटं, आणि शेवटची बस साडेसहाची. गोरोबाकाकांपुढे मंडळी किती होती, आणि तीही तयारीची! शून्य द्यायला मला कधी अर्ध्या मिनिटाच्या वर लागलं नव्हतं. नियमावलीचा खरा फायदा हाच असतो, ती परीक्षकाचे कष्ट वाचवते. अमेरिकेत १९९४ साली एका प्राध्यापकानं नकला शोधायचा प्रोग्रामच लिहिला. त्याचं नाव 'मॉस', म्हणजे शेवाळ. त्यावर माझ्यासारखे किती घसरले असतील!

पुढे कानावर आलं की हार्वर्ड विद्यापीठात याच विषयाच्या वर्गाला २०१४ पासून एक पश्चात्तापाचं कलम आहे. चूक केलेला विद्यार्थी बहात्तर तासांच्या आत स्वतःहून येऊन सांगेल, तर त्याचं प्रकरण वरपर्यंत जात नाही, काय ती शिक्षा वर्गातच. मी हुरळून आमच्याकडेही ते घातलं. (नक्कल. पण खाली नाव लिहिलं.) बहात्तर तासांत कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी तिघं आले. त्यांना विचारायचं होतं, बहात्तर तासांत रविवार धरायचा का?

हसलो खरा, पण त्या रात्री मनात हिशेब झालाच. जर्नल बघितल्या दिवसापासून माझे स्वतःचे बहात्तर तास १९९७ सालीच संपले होते. रविवार सोडूनसुद्धा.

आता मी निवृत्त आहे. आता मुलाला वहीसुद्धा मागावी लागत नाही. २०२२च्या अखेरीपासून यंत्राला साध्या भाषेत सांगितलं की ते प्रोग्राम लिहून देतं, स्पेलिंगसकट बरोबर. माझ्या जागी आलेले तरुण प्राध्यापक परवा हताश होऊन विचारत होते, सर, आता नियम काय करायचा? मी त्यांना शेवटच्या बसची वेळ विचारली.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात, वद्य त्रयोदशीला, गोरोबाकाकांच्या यात्रेत एक्केचाळीस भेटला. कानशिलावर केस पांढरे. पुण्याला संगणकाच्याच कंपनीत आहे. वाकून नमस्कार केला. ऊन मी म्हणत होतं, म्हणून रसवंतीत बसलो. मी म्हटलं, कंपनीत नक्कल करणाऱ्याला काय करतात? तो हसून म्हणाला, "सर, आमच्याकडे पहिल्या दिवशी सांगतात, आधी कुणी लिहिलंय का बघा. असलं तर तेच घ्या. नव्यानं लिहिणाऱ्याला शिव्या बसतात."

मग मी अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं सांगायला लागलो. म्हटलं, तुझी वही मी नंतर बघितली होती. ते उणे पंचवीस हजार... तो म्हणाला, "दोनशे सोळा." त्याला पाठ होतं.

"तेव्हा शून्याचं फार वाईट वाटलं असेल."

"माझी चूक होती, सर. माझं सोडा." त्यानं ग्लास खाली ठेवला. "पण तुम्हाला ठाऊक नसेल, त्या दिवसापासून वर्गात कुणी कुणाला वही दाखवेना. लिहिताना सगळे असा हात आडवा धरायचे." आणि त्यानं टेबलावर हात आडवा धरून दाखवला, शाळकरी पोरासारखा.

थोड्या वेळानं मी विचारलं, "सतरा नंबर कुठे असते रे हल्ली?"

"माहीत नाही, सर," तो म्हणाला. "ती पुन्हा बोललीच नाही माझ्याशी."

रसाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत.